गढीच्या दारावरचा पंजा

शिरूर कासारकडच्या एका गावात गढीचं दार चोरीला गेलं होतं. निवृत्त झालो, तरी ते प्रकरण मनातून जात नाही. माझ्या नोकरीची सुरुवात त्याच गढीत झाली. निजामाच्या काळात तिथं जहागीरदार राहत, पुढे कचेरी आली, मग आमचं ठाणं. ठाणं सडकेवरच्या नव्या इमारतीत गेल्यावर गढीत शाळा भरली, शेवटी कापसाचं गोदाम झालं. भर उन्हाळ्यातही आत गारवा असे. नव्या ठाण्यात पंख्याखाली बसून मला त्या गारव्याची फार आठवण यायची.

पंचायतीनं गोदामाला शटर बसवायचं ठरवलं आणि जुनं सागवानी दार शहरातल्या एका शौकिनाला विकलं. तो न्यायला येण्याआधीच दार गायब. ग्रामसेवकाची फिर्याद घेतली, पंचनामा केला आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांमागे हिंडलो. मग खबऱ्यानं सांगितलं, गावाशेजारच्या माळावर एका मेंढपाळाच्या काटेरी कुपाला सागवानी दार लागलंय. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

मेंढपाळ पन्नाशीचा, हंगामात ऊसतोडीला जाणारा. ठाण्यात आणून दरडावलं, तर मान खाली घालून बसला. चोर आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. यानं दोन्ही केलं नाही. शेवटी चहा दिला, तेव्हा बोलता झाला.

त्या गावची रीत मला ठाऊक होती. ऊसतोडीला निघताना बाया गेरूत हात बुडवून गढीच्या दारावर पंजा उमटवत, घर सांभाळ म्हणून. परत आल्या की ज्या त्या आपला पंजा धुऊन टाकत. याची बायको उसाच्या फडातच वारली होती.

"घेनारा दार घासून पालिश करनार हाय म्हनले," तो म्हणाला. "मंग तिचं काय ऱ्हायलं, साहेब?"

मी त्याला ठाण्यात आणून ठेवलेल्या दारापुढं उभं केलं आणि तिचा पंजा कोणता ते विचारलं. त्यानं लगेच दाखवला. त्या पंजाला करंगळी नव्हती. कोयत्यानं तुटलेली.

कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. पंचायत दार न्यायला आली, त्या दिवशी तोही तांब्याभर पाणी घेऊन आला.

"द्या त्यास्नी दार," तो म्हणाला. "पन आदी तिला घरी येऊ द्या."

त्यानं ओल्या हातानं पंजा पुसला. मला रडू आवरेना, म्हणून मी आत गेलो.

मालक कोण, हे कागदावरून ठरतं असं मी नोकरीभर मानलं. त्या दिवसापासून तसं छातीठोक म्हणवत नाही. गढीला आता शटर आहे. ऊसतोडीला निघालेल्या बाया सवयीनं तिथं थांबतात, कुलपाकडं बघतात आणि तशाच ट्रॅक्टरकडं वळतात.