एकही बाण नाही!

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. शाळा नववीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतील. पण आमच्या ऑफिसात इतके किस्से साचलेत की माझ्यासारख्या लाजाळू माणसालाही आता ते आवरत नाहीत!

ऑफिस अलिबागला. माणसं तीन: मालकीण वैशालीताई, नरेशदादा आणि मी. आम्ही एक ॲप बनवतो. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी बोट आत आणण्याइतकं पाणी कधी असेल, ते त्यात दिसतं. दादांचा धाकटा भाऊ सुहास यंदा पहिल्यांदाच घरची बोट एकट्यानं घेऊन जातो. त्याचा सगळा भरवसा या ॲपवर. म्हणजे आमची चूक थेट त्याच्या बोटीखाली!

*

पहिल्याच आठवड्यात दादांनी माझ्यासमोर एक अख्खी फाइल उडवली. मी खुर्चीतून उठलोच. "दादा, काय केलंत!"

दादा चहा पीत राहिले. एक कमांड दिली, फाइल परत हजर! आमचा कोड ज्या सिस्टिममध्ये असतो, ती प्रत्येक नोंदीला सगळ्या फायलींचा जणू फोटोच काढून ठेवते.

"इथं मेलेलं परत येतं रे," दादा म्हणाले. "फक्त फोटो निघायच्या आधी मरू नये!"

*

गणपतीच्या आधी दादांनी घर झाडावं तसा सगळा कोड झाडला. ओळी सरळ केल्या, मोकळ्या जागा सारख्या केल्या, बस्स. मग एकदा ताईंनी कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते काढून बघितलं. जुन्यातल्या जुन्या चुकीपुढंही एकच नाव, नरेश!

"अहो ताई, मी फक्त केर काढला!"

"मग आता केर तुमचाच."

*

दोघांनी एकच ओळ बदलली, तर दोघांचं काम एकत्र जोडताना, म्हणजे मर्ज करताना, सिस्टिम थांबते. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवते, वर डावीकडं आणि खाली उजवीकडं बाण काढते. निवडायचं माणसानं. एका सूचनेत ताईंनी 'बोट' लिहिलं होतं, दादांनी 'होडी'. निवडायचं राहून गेलं आणि बाणांसकट सगळं लोकांच्या फोनवर गेलं!

सुहासचा फोन आला. "दादा, बोट थांबवून ठेवलीय. ॲप वारा दोन्हीकडनं दाखवतंय!"

*

बाणांचं एक बरं, ते दिसतात तरी.

आमच्याकडं भरतीच्या वेळा मुंबईच्या होत्या. आपल्या खाडीसाठी त्या थोड्या सरकवायच्या होत्या. ताईंनी त्या मूळ तक्त्यात सरकवल्या. दादांनी वेळ दाखवायच्या पानावर सरकवल्या. एकमेकांना कोणीच सांगितलं नाही. फायली वेगळ्या, ओळी वेगळ्या, त्यामुळे सिस्टिमनं दोन्ही बदल मुकाट्यानं जोडले. एकही बाण नाही! आम्ही खूश होऊन वडापाव मागवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासची बोट वाळूत बसली. वेळ दोनदा सरकली होती, पाणी कधीच ओसरलं होतं. बोट एका कुशीवर कललेली आणि सुहास गुडघाभर पाण्यात. संध्याकाळच्या भरतीला ती सुटली. तोवर दादा किनाऱ्यावरून हलले नाहीत.

बोट सुटल्यावर दादांची आई तडक ऑफिसात आली. "कुनी केलं?"

"मी," ताई म्हणाल्या.

"मी," दादा म्हणाले. "तशी दोघांनीही वेळ बरोबरच सरकवली होती."

"दोघांचंबी बरोबर हाय, तर बोट वाळूत कशी?"

 शेवटी मीच पुटपुटलो, "काकू, दोघांनी एकच दुरुस्ती दोन जागी केली. मशीनला ओळी दिसतात, पाणी दिसत नाही."

"म्हंजे दोघी जावांनी कालवनात मीठ घातलं न् एकीनंबी तोंड उघडलं न्हाय!"

मी तोवर दोनपैकी एक दुरुस्ती काढून टाकली होती. मर्जचं बटण दाबणं तेवढं बाकी होतं. सगळे बटणाकडं बघत होते, पण हात कोणाचाच पुढं होईना.

काकू म्हणाल्या, "सुहास उद्या परत जातोय. ज्याला खात्री हाय त्यानं दाबावं, न् त्याच्यासंगं बोटीत बसावं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि सुहासशेजारी जाऊन बसलो.