छज्ज्याची तुटक रेघ

रेघ गेली तेव्हा पहिला संशय माझ्यावरच आला. येणारच की. हिंगोलीतल्या त्या कालव्याच्या ऑफिसात मी सगळ्यांत नवी, त्यात बाई, त्यात सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरीवर लागलेली. ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं नकाशा काढायचे आणि मी तो ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं उतरवायची. माझ्या घरात माझ्याआधी कुणी टेबलाशी बसून कमावलं नव्हतं. आई हळदीच्या अडतीवर निवडायला जायची, आणि मी शाईची बोटं घेऊन घरी आले की ती बोटं सगळ्या गल्लीला दाखवायची.

त्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांकडून एक छापील नकाशा परत आला. वरच्या डाव्या कोपऱ्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल. आतल्या बारीक रेघा गायब. आमचे हेड ड्राफ्ट्समन रिटायर व्हायला आलेले, आवाज कधी चढवायचे नाहीत, पण बोलणं असं की मिरची बरी. ते म्हणाले, बाईचा हात हलका पडतो, शाई पातळ लागते, पुन्हा असं झालं तर ऑर्डर वाढायची नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात हलका म्हणे! शाईचा थर होईस्तोवर रेघ ओढणारी मी.

छापायची रीत अशी होती. लाकडी चौकटीत काच, काचेवर ट्रेसिंग, त्यावर उन्हानं उडणारा मसाला लावलेला पिवळा कागद, त्याच्या पाठीला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गादी आणि शेवटी पेचानं आवळायची फळी. चौकट अंगणात उन्हाला धरायची आणि मी मनात दोनशेपर्यंत मोजायची. मग कागद अमोनियाच्या पेटीत. शाईनं जिथं ऊन अडवलं, तिथं रेघ उमटायची. प्रत निघाली की मूळ ट्रेसिंगशी रेघ न् रेघ ताडून खाली ‘तपासले’ लिहून सही करायची, असा नियम. पण अमोनियानं डोळ्यांतून पाणी यायचं, नाक गळायचं, प्रती पाच-पाच, सहा-सहा. कोण ताडतं? सगळे नुसती सही ठोकायचे. मीही ठोकायची.

आज मात्र मी पदर खोचला. आधी नवी शाई घोटून त्या कोपऱ्यातल्या रेघा पुन्हा ओढल्या, वाळू दिल्या, छापलं. रेघा गायबच. मग कागदाचं नवं पुडकं फोडलं, तरी तेच. दोनशेऐवजी दीडशेच मोजलं, तर सगळा कागद काळवंडला आणि त्या कोपऱ्यात नुसता धूसर डाग. अमोनियाही बदलला. अकरा वाजले होते, डोळे भाजल्यासारखे झाले होते, आणि हेड ड्राफ्ट्समन चष्म्यावरून बघून राहिले होते. शेवटी मला काय सुचलं कोण जाणे, मी ट्रेसिंग चौकटीत उलटं घातलं, डोकं खाली, पाय वर. प्रत काढली तर वरचा कोपरा टकटकीत आणि आता खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या रेघा गेलेल्या.

म्हणजे खोट माझ्या हातात नव्हती, चौकटीत होती. मी पेच सोडून नमदा उलटा केला. एका कोपऱ्यात उंदरांनी तळहाताएवढा नमदा खाल्ला होता, वरून धड, आतून पोकळ. तिथं कागद काचेला चिकटत नव्हता, बारीक रेघेखालून ऊन शिरत होतं आणि रेघ पुसून टाकत होतं. मला एवढा आनंद झाला की मी तो नमदा तसाच हेड ड्राफ्ट्समनच्या टेबलावर नेऊन टाकला. बघा म्हटलं माझा हलका हात.

त्यांनी भोकात बोट घातलं. हसले नाहीत. म्हणाले, “हे उंदीर आजचे न्हाईत, पोरी.”

ते ऐकलं आणि मला आठवलं, महिनाभर नमदा कुणी उलटून पाहिलाच नव्हता. ह्याच चौकटीतून महिनाभर नकाशे छापून बाहेर गेले होते. प्रत्येकाचा वरचा डावा कोपरा ह्याच भोकावर पडलेला. मी फायली उपसायला लागले. बहुतेकांच्या त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं, देवाची कृपा. मग औंढ्याकडच्या कालव्याच्या एका चारीवरच्या, पाणी सोडायच्या गेटच्या खोलीचा नकाशा निघाला. त्या कोपऱ्यात छज्ज्याचा छेद होता.

छज्जा भिंतीतून बाहेर धरलेल्या हातासारखा, खाली आधार नाही. त्याचा सगळा भार पेलायला सळई वरच्या अंगाला लागते. आमच्याकडे सळई तुटक रेघेनं दाखवायचे. ट्रेसिंगवर दोन तुटक रेघा होत्या, वर मोठ्या सळईची, खाली बारकीची. ऑफिसच्या प्रतीवर फक्त खालची. वरची नेमकी भोकावर पडलेली, ती नव्हतीच. आणि खाली ‘तपासले’, त्याखाली माझी सही, शेपटी ओढून ऐटीत केलेली.

मी ती प्रत टेबलावर नेऊन ठेवली. हेड ड्राफ्ट्समननी प्रत पाहिली, मग दाराकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले की ओव्हरशियर कालच सांगत होते, छज्जा भरून पंधरा दिवस झाले, आज सेंट्रिंग, म्हणजे खालचे टेकू-फळ्या, काढायचं. जीपगाडी मोठ्या साहेबांबरोबर परभणीला गेलेली. ते म्हणाले, नवी प्रत उद्याच्या टपालात घालू, सही माझी करतो, तू बोभाटा करू नको. वाईट माणूस नव्हता. भ्यायला होता, माझ्यासारखाच. पण माझ्या डोळ्यांपुढं त्या चारीवरच्या तांड्याच्या बाया आल्या. मापं घ्यायला गेले होते तेव्हा पाहिलेल्या, सावली दिसेल तिथं भाकरी सोडणाऱ्या. उन्हाळ्यात त्या माळावर दुसरी सावली होती कुठं?

मी ट्रेसिंगची गुंडाळी काखेत मारली आणि एस.टी. गाठली. त्या गाडीत मी काय भोगलं ते माझं मला माहीत. गाडी प्रत्येक फाट्याला थांबायची, कंडक्टर कुणाच्या तरी कोंबड्यांवरून भांडायचा, आणि मी मनात मोजत होते. दोनशे झाले की पुन्हा एकपासून. फाट्यावर उतरले आणि चारीच्या कडेनं चप्पल हातात घेऊन पळाले.

खोली दिसली. छज्ज्याखालच्या चार टेकूंपैकी दोन काढून टाकलेले. उरलेल्या दोहोंना मिळून झोळी बांधलेली, झोळीत लेकरू. खाली चार-पाच बाया जेवायला बसलेल्या. मिस्त्री हातोडा बाजूला ठेवून पाणी पीत होता. पळून मला धाप लागली होती. मी नुसते हात हलवत राहिले, आणि बायांना वाटलं, पिसाळलेलं कुत्रं मागं लागलं की काय. म्हणून उठल्या. कशा का होईना, उठल्या. एकीनं झोळीतून लेकरू काढून घेतलं.

मिस्त्री शहरातला, जुना, दाढी पिकलेला. मी ट्रेसिंग त्याच्यापुढं पसरलं आणि वरच्या रेघेवर बोट ठेवलं. त्यानं वाकून बघितलं. मग खिशातून आपली प्रत काढली, घामानं मऊ झालेली. म्हणाला, मलाही खटकलं होतं, पण कागदावर तपासलेलं लिहिलं होतं. मग सहीवर नख टेकवून विचारलं, “ये किसकी है, बाई?”

“माझी.”

 त्यानं कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली. सगळ्यांना लांब नेलं, टेकूला दोर बांधला आणि तिघांनी मिळून ओढला. एक टेकू गेला, दुसरा गेला, आणि छज्जा भिंतीपासून सुटून खाली आला. आवाज फार मोठा नव्हता. धूळ बसली तेव्हा झोळीचं फडकं त्याच्याखालून निघालेलं दिसत होतं.

लेकराची आई माझ्यापाशी आली. तिनं मला धरून खाली बसवलं, आपल्या लोट्यातलं पाणी दिलं. माझ्या पायाला हात लावून म्हणाली, “तुमी आल्या म्हनून माझं लेकरू वाचलं, माय.”

मिस्त्री चारीकडं तोंड करून उभा होता. मी पाणी प्याले. सगळा लोटा प्याले, आणि तिला काही सांगितलं नाही.