विमलाचे शंभर ठोके

भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात विमला राऊळ बावीस वर्षं ठोके मोजत होती, आणि तेवढीच वर्षं लोकांची अक्कल काढत होती. शिक्षण बारावी, बाप गिरणीतला, गाव कणकवलीकडचं. गाळ्यात पिशव्या सील करायची मशिनं बनत. तापलेली पट्टी प्लॅस्टिकवर बरोबर दोन सेकंद टेकली पाहिजे. कमी टेकली तर सील सुटतं, जास्त टेकली तर पिशवी जळते. ते दोन सेकंद मोजायचं काम मशिनमधल्या बोटाएवढ्या कंट्रोलरचं, आणि तो नीट मोजतो का हे बघायचं काम विमलाचं.

आता कंट्रोलर मोजतो कसा, तर त्याला रिकाम्या फेऱ्या मारायला लावायच्या. काम ना धाम, नुसतं गरगर फिरायचं. ठरलेल्या फेऱ्या संपल्या की दोन सेकंद झाले. फेऱ्या किती भरभर मारायच्या हे शेजारचा क्रिस्टल ठरवतो, पत्र्याच्या चकचकीत डबीतला. काहीही न करता वेळ काढणं किती अवघड असतं ते केबिनमध्ये जाऊन बघ, असं विमला नव्या माणसाला सांगायची आणि मालक हर्षदभाईंच्या दाराकडे मान उडवायची.

तिची रीत ठरलेली. टेस्टचं बटण दाबायचं, पट्टीचे दोन-दोन सेकंदांचे शंभर ठोके होऊ द्यायचे, घड्याळात दोनशे सेकंद भरले तरच आत स्टिकर लावून ‘वि. रा.’ अशी सही आणि तारीख. एकच ठोका मोजून मोकळं होणाऱ्यांचा तिला भयंकर तिटकारा. अरे, स्टॉपवॉच दाबताना अंगठा मागेपुढे होतोच; एका ठोक्यात ती चूक केवढीतरी दिसते, शंभरांत वाटली की नावालाही उरत नाही. एवढी साधी गोष्ट इंजिनिअर अनयला सांगितली, तर तो म्हणाला, कोडमध्ये दोन हजार मिलिसेकंद लिहिलेत ना, मग झाले दोन सेकंद. विमलाने कपाळावर हात मारला. ह्याच्या आईने मिठाच्या डब्यावर साखर लिहिलं तर हा चहात घालून पिईल, हे तिने अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. डिग्री भिंतीवर टांगायला बरी, ही पुरवणी वर.

दसऱ्यानंतर एका दुपारी वेसाव्याची अंजनाबाई मशिन रिक्षात घालून आली. सुक्या मासळीचा तिचा धंदा. सोड्यांच्या, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीच्या पिशव्यांची सीलं सुटली होती, आत हवा जाऊन माल सादळला होता. अंधेरीच्या दुकानदाराने सगळा परत पाठवला आणि वर सांगितलं की तुला पॅकिंग जमत नाही. घरात सूनही तेच म्हणत होती. मशिन तर तिला बदलून हवंच होतं, पण त्याआधी चूक आपल्या हाताची नाही हे कुणीतरी तोंडाने कबूल करायला हवं होतं. ते ऐकल्याशिवाय ती हलणार नव्हती.

हर्षदभाईंनी चहा मागवला आणि गोड आवाजात समजूत घातली की मौशी, तुम्ही हँडल लवकर उचलता. अनयने नंदीबैलासारखी मान हलवली. अंजनाबाईने दोन्ही हात टेबलावर पसरले. चाळीस वर्षं कोयतीवर मासळी कापते, म्हणाली, दहाची दहा बोटं आहेत, मोजून घ्या.

विमलाला मनात उकळ्या फुटत होत्या. दोघांची जिरवायची अशी संधी रोज थोडीच येते. तिने मशिन ओढून घेतलं आणि शंभर ठोके लावले. घड्याळ म्हणालं, एकशे चौऱ्याऐंशी. पुन्हा लावले, पुन्हा तेच. म्हणजे दर सीलमागे पट्टी लवकर उचलली जात होती, आणि उचलत होतं मशिन.

‘घ्या तुमचे दोन हजार,’ असं म्हणून तिने झाकण उघडलं. क्रिस्टलवर बाराचा आकडा होता. फेऱ्यांचा सगळा हिशोब अकरा पूर्णांक काहीतरीवाल्यावर बसवलेला. हा त्याहून वेगाने पळवणारा, म्हणून फेऱ्या दोन सेकंदांच्या आधीच संपत. अनय खाली बघत पुटपुटला की गणपतीच्या आधी जुने बाजारात मिळत नव्हते, भाईंनी हे आणले, दिसायला सारखेच होते, उन्नीस-बीसचा फरक. विमलाने त्याला सोलून काढायला तोंड उघडलं आणि तिची नजर झाकणाच्या आतल्या स्टिकरवर गेली.

‘वि. रा.’ तारीख गणपतीच्या दोन दिवस आधीची.

त्या संध्याकाळी तिची कोकणची बस होती. बॅगा दाराशी ठेवलेल्या, चाळीस मशिनं बाकी, आणि पोचायला उशीर झाला तर गावी भाऊबंद बोलणार. बावीस वर्षांत काही निघालं नाही, आता काय निघणार, असं म्हणून तिने उभ्या उभ्या चाळीस स्टिकर चिकटवले होते. मोजला नव्हता, एकसुद्धा ठोका. तिला स्वतःची इतकी किळस आली की अनयसाठी काढलेल्या सगळ्या शिव्या तिने मनात स्वतःलाच घातल्या.

हर्षदभाईंनीही सही पाहिली होती. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘विमलाबेन, हँडलचाच प्रॉब्लेम आहे असं सांगून टाका. तुमचं पण नाव राहील.’

विमला अंजनाबाईकडे वळली. ‘मावशी, तुमचा हात बरोबर होता. ही सही माझी आहे, आणि मी मोजलं नव्हतं.’

अंजनाबाई असू दे वगैरे काही म्हणाली नाही. का म्हणावं तिने? विमलाने भंगारातल्या बोर्डावरून जुना क्रिस्टल काढला, सोल्डरचा डाग देऊन बसवला, बटण दाबलं. अंजनाबाईने स्टूल ओढलं आणि समोर बसून ओठांत मोजायला लागली. सदतिसाव्या ठोक्याला अनय काहीतरी बोलला, तेव्हा दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर निघून गेला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. शंभर झाले, दोनशे सेकंद भरले.

विमलाने नवा स्टिकर लावून पेन टेकवलं.

‘सही नको,’ अंजनाबाई म्हणाली. ‘नुसती तारीख टाक.’

विमलाने तारीख टाकली.