भाच्याचा कागद

आमच्या घरात कागद सांभाळायचं काम माझ्याकडे. सांभाळायचं म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायचं. वाचायचंही असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पांढुर्ण्याचं माझं घर असो की सौंसरचं बहिणीचं, आजवर एक कागद हरवला नाही, याचा मला भारी तोरा.

तीन वर्षांपूर्वी बहिणीचा पाच वर्षांचा मुलगा तापानं फणफणला आणि नागपूरच्या एका दवाखान्यात दोन दिवसांत आम्हाला सोडून गेला. मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा कागद मला एकाच खेपेत मिळाला, म्हणून त्या दुःखातही मला बरं वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. कागदावर होतं, हृदय आणि श्वास बंद पडले. भेटायला येणाऱ्यांना मी तेच सांगायचो, जरा डॉक्टरी आवाजात.

येणाऱ्यांना मात्र दुसरंच हवं असायचं. "पोरानं खाल्लं काय होतं?"

बहीण सांगायची, "संत्रा. थंडीची सकाळ होती, म्याच सोलून देल्ला."

तेव्हापासून घरची बाग असून तिनं संत्र्याची फोड तोंडात घातली नाही.

यंदा माझी मुलगी डॉक्टर होऊन सुटीवर आली. तिनं ती पिशवी उघडली.

"बाबा, हे काय कारण झालं? हृदय तर साऱ्यांचंच बंद पडते. काऊन पडलं, ते लिहा लागते."

"डॉक्टरनं लिहिलं. मी काय करणार?"

"तुम्ही नुसते पोस्टमन."

त्याच पिशवीत तिला पोराच्या पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट सापडला. पोरगा गेल्यानंतर आठवड्यानं आलेला, मीच आणून घडी घालून ठेवलेला. त्यात लिहिलं होतं, जंतूंनी झालेला मेंदूज्वर.

बहीण, मुलगी आणि मी, आम्ही तिघं नागपूरला त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जुनी फाईल काढली, रिपोर्ट पाहिला. "हा यायच्या आधी कागद भरला होता. नंतर बदलायचा राहून गेला. माझंच चुकलं, ताई," म्हणाले, आणि खरं कारण घालून नवा कागद स्वतःच्या हातानं लिहिला.

परतीच्या बसमध्ये बहीण माझ्या शेजारी होती. बस लोधीखेड्याजवळ आली तेव्हा म्हणाली, "दादा, काय लिहिलं वाच बरं."

मी वाचलं.

"यात संत्र्याचं कुठी लिहिलं?"

"कुठीच नाही."

"तुह्या वाचण्याचा भरवसा नाही बाप्पा. पुन्हा वाचून पाय."

मागच्या सीटवर माझी मुलगी खुदकन हसली. मी चष्मा पुसला आणि कागद पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, मोठ्यानं वाचायला लागलो.