दोन सेन्सर आणि सायली

आज दुपारी एका गाडीचे दोन ऑक्सिजन सेन्सर भांडले आणि माझं डोकं ठिकाणावर आलं.

कॉलेज सोडून मी चारकोपच्या गॅरेजमध्ये शिकतोय, माहितीये तुम्हाला. पुढचा सेन्सर म्हणत होता पेट्रोल कमी, मागचा म्हणत होता जास्त. पुढच्याचं ऐकून मी पेट्रोल सोडणारे इंजेक्टर खोलायला बसलो.

"अरे भडकू, दोघांचं एकत्र वाच ना!" गॅरेजवाले काका ओरडले. पुढच्या सेन्सरजवळ धुराच्या पाइपला चीर होती. बाहेरची हवा शिरल्याने तो चुकीचं सांगत होता आणि इंजिन उगाच पेट्रोल ओतत होतं.

गेल्या आठवड्यात मित्राने सांगितलं, माझी गर्लफ्रेंड सायली गोराईच्या बोटीत कुणा मुलाबरोबर दिसली. मी तिला काही न विचारताच तिच्याशी भांडलो. चार दिवस अबोला.

तुम्हीही कधी एकाचंच ऐकलंय का रे?

काकांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आता तिचंही ऐक. मध्ये बोलू नकोस."

मी हात धुतले, सायलीकडे जायला बाहेर पडलो आणि गॅरेजचं दार हळूच लावलं.