झेंडीबाहेर गेलेला खांदा

पुण्याहून महाडला ताम्हिणीमार्गे जा, रस्ता चांगला आहे, असं तिघांनी बजावलं होतं. तरी मी भोरहून वरंध घाटाची एसटी धरली. घाट वेळखाऊ आहे, आणि मला पोचायची मुळीच घाई नव्हती. चार वर्षं टाळलेलं काम करायला निघालो होतो. पोलादपूर तालुक्यातल्या संतोषची माफी मागायची होती.

संतोष तेव्हा फौजेतला घोडेस्वार. आमच्या खेळाला इव्हेंटिंग म्हणतात. एकच घोडा, एकच स्वार आणि तीन कसोट्या: आधी कवायत, मग रानातून अडथळे ओलांडत दौड, शेवटी मैदानातल्या उड्या. या खेळाचे नियम वरचेवर बदलतात. बदललेले नियम इंग्रजीतून येतात आणि ते स्वारांना मराठी-हिंदीत समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या कामाचा मला भारी तोरा होता.

घाटात एका वळणावर दरड साफ करायचं काम चालू होतं. पाऊण तास गाडी उभी. शेजारचे गृहस्थ बिरवाडीला कारखान्यात कामाला होते. ते म्हणाले, "पावसाळ्यात तर रस्ताच बंद असतो. आता निदान उभं तरी राहायला मिळतंय." मी हसलो, पण मनात आलं, आज बंदच असता तर किती बरं झालं असतं. इतका मी भित्रा आहे.

महाडला मिसळ खाल्ली आणि पोलादपूरची गाडी पकडली. पोलादपुरातून मिनीडोर (मागे बाक असलेली तीनचाकी) केली. चालकाला उमरठच्या अलीकडची वाडी सांगितली, तर त्याने मला दुसऱ्याच वाडीला उतरवलं. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरं मोकळी, वर डोंगरावर नुसतं पिवळं गवत. उडवी (पेंढ्यांची रास) रचणाऱ्या बाईंना संतोषचं घर विचारलं.

"फौजेतला संतोष? तो वरल्या अंगाला," त्या म्हणाल्या. "मंबईचं पाव्हणं काय तुमी?"

"पुण्याचा."

"मंग चाला. चढ हाय, दमानं जा."

दमानंच गेलो. चढताना सगळं पुन्हा आठवत होतं. रानातल्या दौडीत प्रत्येक अडथळ्याच्या उजवीकडे लाल आणि डावीकडे पांढरी झेंडी असते. घोड्याने दोहोंच्या मधून जायचं. घोड्याचा खांदा झेंडी पाडून बाहेर गेला, तर पूर्वी मागे वळून तीच उडी पुन्हा मारावी लागे, नाहीतर बाद. नव्या नियमाने ते बदललं. उडी झाली असेल आणि अंगाचा थोडाच भाग बाहेर गेला असेल, तर पंधरा दंडगुण घ्यायचे आणि सरळ पुढे जायचं. मी नव्या नियमांच्या इंग्रजी पत्रकाची पहिली दोन पानं वाचली, बाकी जुनंच असणार असं धरलं आणि चार वर्षांपूर्वी, स्पर्धेच्या सकाळी, सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, "खांदा बाहेर गेला, तर मागे वळा."

संतोषची घोडी काजळ शेवटून तिसऱ्या अडथळ्यावर झेंडी पाडून गेली. ती दमली होती. तरी त्याने तिला वळवलं. तीच उडी पुन्हा मारताना तिचा पुढचा पाय मोडला आणि संध्याकाळच्या आत तिला कायमचं झोपवावं लागलं. दमलेल्या घोडीला रेटलं म्हणून सगळे संतोषलाच बोलले. मी तिथेच उभा होतो. माझी चूक मला त्याच संध्याकाळी पत्रक उघडल्यावर कळली. मी ते मिटून ठेवलं.

संतोष अंगणात कुंपणाच्या काट्या बांधत होता. मला पाहून खाडकन उभा राहिला. त्याच्या बायकोने नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. ती म्हणाली, "महाबलेश्वरचे घोडेवाले बोलावतात यांना. जात नाय. जत्रंत घोडा आला तरी घरात बसतात."

हात धुतले आणि त्याला सगळं सांगितलं. पत्रक न वाचणं, चुकीचा नियम सांगणं, गप्प बसणं. म्हणालो, "दोष तुझा नव्हता, संतोष. नियम तसा नव्हताच."

तो पुन्हा काट्या बांधायला बसला.

"मला ठावं होतं, सर," तो म्हणाला. "कागद तबेल्याच्या दाराला लावलेला होता ना. आदल्या दिवशी वाचला मी. पंधरा गुन जातील, पुढं जा, असं होतं."

"अरे, मग मला विचारलं का नाहीस?"

"सगल्यांसमोर तुमाला कसं खोटं पाडायचं? तुमी वडील मानूस. म्हटलं, कागदावर तसं असंल, तरी सरांनी सांगितलंय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला इंग्रजी वाचता येत असेल हेही माझ्या कधी मनात आलं नव्हतं. शेवटी "काही शंका?" असं मी नेहमी विचारायचो खरा, पण तोवर कागद आवरून खुर्चीवरून उठलेला असायचो.

निघताना मी म्हणालो, त्या दिवशी जे जे तुला बोलले, त्या सगळ्यांना मी पत्र लिहितो. तो म्हणाला, "नको, सर. तुमचं नाव जाईल." त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती आत गेली.

परतीला ताम्हिणीची गाडी घेतली. घरी पोचल्याबरोबर पत्रं लिहिली, संतोष नको म्हणाला होता तरी. काहींची उत्तरं आली, 'तुमचं मन मोठं' वगैरे. मला ती वाचवत नाहीत. त्या सकाळी तिथे बसलेल्यांपैकी नियम बरोबर माहीत असलेला एकच माणूस होता, आणि चारचौघांत माझा शब्द खाली पडू नये म्हणून त्याने आपली घोडी मागे वळवली.