उसवलेल्या दोन फिती

सन एकोणीसशे शहाण्णवच्या एप्रिलमध्ये लान्सनायक कपिल कांबळे सुट्टीवर तासगावजवळच्या आपल्या वस्तीत आला, तेव्हा त्याला एक निर्णय घ्यायचा होता. पलटणीत त्याच्यासाठी दोन कोर्स सुचवले होते. पहिला सेक्शन कमांडरचा. तो पार केला की पुढे हवालदार होऊन दहा जवानांवर हुकूम चालवायचा. दुसरा वायरलेस दुरुस्तीचा. त्यात बढती सावकाश, पण विद्या पक्की. साहेबांनी बजावले होते, परत येशील तेव्हा एकच नाव सांग.

त्याचे वडील यल्लाप्पा यांनी ते नाव केव्हाच ठरवले होते. पंधरा वर्षे फौजेत नोकरी करून ते शिपाई म्हणूनच घरी आले होते. नकाशा वाचता न आल्यामुळे त्यांच्या बाहीवर बढतीची एकही फीत चढली नाही. चौदा एप्रिलला वस्तीत निळा झेंडा चढताना आजी-माजी सैनिक हुद्द्याप्रमाणे रांगेत उभे राहत आणि सर्वांत मोठ्या हुद्द्याचा माणूस हुकूम देई. यल्लाप्पा दरवर्षी रांगेच्या शेवटी असत.

जयंतीच्या सकाळी कपिलने गणवेशाची घडी उघडली आणि तो थबकला. बाहीवर लान्सनायकाच्या एका फितीऐवजी हवालदाराच्या तीन फिती होत्या.

"आबा, हे कुणी केलं?"

"मी. शिंप्याकडनं लावून आणल्या. आज ना उद्या हवालदार हुनारच हाईस. औंदा हुकूम तू द्यायचा."

"न मिळालेली फीत लावणं गुन्हा हाय. आन मी त्यो कोर्स घेणारच न्हाई. वायरलेसचा घेणार."

"तारा जोडणार? मग पलटण कशाला पायजे रं? ष्टँडापुढं रेडिओवाला बसतोय, ऱ्हा जा त्याच्या हाताखाली!"

"आवं, सणाच्या दिशी तरी भांडू नका," चुलीपुढून कपिलची आई लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"तू गप. आमच्या बापजाद्यांनी निस्तं हुकूम ऐकलं. कुणीतरी द्यायला नको व्हय?"

हे बोलणे कपिलच्या काळजाला लागले. तरी तो मागे हटला नाही.

"गेल्या हिवाळ्यात डोंगरावर आमचा एक गडी जखमी झाला. हवालदार हुकमावर हुकूम देत हुते, पर सेट मुका. खाली आवाज जाईना. मी बर्फात बसून तार जोडली, तवा माणसं वर आली आन गडी वाचला. सगळी माझ्या हाताकडं बघत हुती. तुमची राहिलेली फीत मी माझ्या बाहीवर मिरवणार न्हाई, आबा."

त्याने दाढीचे पाते घेतले, वरच्या दोन्ही फिती टाका-टाका उसवल्या आणि वडिलांच्या हातात ठेवल्या. यल्लाप्पांनी त्या फेकल्या नाहीत, खिशात घातल्या.

रांगेत कपिल आपल्या एका फितीच्या जागी उभा राहिला. त्याच्या शेजारी, शेवटी, यल्लाप्पा.

"सायबाला काय सांगणार?" त्यांनी समोर पाहतच विचारले.

"वायरलेस."

"माझी परवानगी न्हाई."

"नसू द्या."

निवृत्त नायक अर्जुना यांनी हुकूम दिला. यल्लाप्पांच्या टाचा आधी वाजल्या, कपिलच्या क्षणभर मागून.

"उशीर केलास," यल्लाप्पा पुटपुटले.

"तुमी घाई केली, आबा. हुकूम आजून पुरा झाला नव्हता."